त्वचेच्या पेशी नवव्या पॅसेजलाच म्हाताऱ्या होतात: बडोद्यातल्या दोन उन्हाळ्यांची तपासणी

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमची तक्रारही हीच आहे का ते कळेल.

आम्ही माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी फ्लास्कमध्ये वाढवतो. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन तयार करणाऱ्या या पेशी. थंडीत काढलेली व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) पंधरा-सोळा पॅसेजपर्यंत, म्हणजे पेशी तितक्या वेळा उचलून नव्या फ्लास्कमध्ये टाकेपर्यंत, विनातक्रार चालते. त्याच दात्याची, त्याच दिवशी गोठवलेली दुसरी व्हायल एप्रिलमध्ये काढली की आठव्या-नवव्या पॅसेजला अडते. पेशी मरत नाहीत, मीडिया (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) गढूळ होत नाही, काही तरंगताना दिसत नाही. फ्लास्क भरत नाही, एवढंच. चार दिवसांत भरणारा टी-७५ (७५ चौरस सेंटिमीटरचा फ्लास्क) दहा दिवस झाले तरी अर्धा रिकामा. तरुण पेशी बारीक, निमुळत्या असतात आणि एकमेकींना लागून, ओढ्याच्या पाण्यासारखी वळणं घेत मांडलेल्या दिसतात. त्या जागी आमच्याकडे पसरट, पातळ पेशी होत्या. कडा कुठे संपते ते कळत नव्हतं, आत ताणलेले तंतू, मधूनच एखादी दोन केंद्रकांची.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही व्हायलला दोष दिला. दुसऱ्या उन्हाळ्यातही तसंच झालं तेव्हा मी वही उघडून बसले. ज्या क्रमाने आम्ही तपासलं तो क्रम फार शहाणपणाचा नव्हता, त्यामुळे इथे तो थोडा बदलून लिहिते. सोपं आणि स्वस्त ते आधी.

पॅसेजचा आकडा विसरा, डबलिंग मोजा

उन्हाळी प्रशिक्षणाला आलेली मुलगी मला म्हणाली, "ताई, नवव्यालाच म्हाताऱ्या झाल्या." मी विचारलं, "अगं, नववा म्हणजे किती वेळा दुप्पट?" तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर वहीतही नव्हतं.

पॅसेज म्हणजे तुम्ही पेशी किती वेळा उचलल्या त्याचा आकडा. पेशींना तो ठाऊक नसतो. एका फ्लास्कचे दोन केले तर एका पॅसेजमध्ये पेशी एकदा दुप्पट होतात, चार केले तर दोनदा, आठ केले तर तीनदा. थंडीत आमच्याकडे एकाचे दोन करायची पद्धत होती. उन्हाळ्यात मुलं जास्त, प्रत्येकाला स्वतःचा फ्लास्क हवा, म्हणून एकाचे चार होत होते. म्हणजे नऊ पॅसेज होईपर्यंत थंडीत नऊ डबलिंग आणि उन्हाळ्यात अठरा! आमच्या कोड्याचा एक मोठा तुकडा इथेच सुटला.

हिशेब असा: काढलेल्या पेशींच्या संख्येला टाकलेल्या पेशींच्या संख्येने भागा, आलेल्या उत्तराचा दहाच्या पायाचा लॉग घ्या आणि ३.३२ ने गुणा. ३ लाख टाकल्या आणि २४ लाख मिळाल्या, तर ३ डबलिंग. ते मागच्या बेरजेत मिळवा आणि फ्लास्कवर पॅसेजच्या शेजारी लिहा. त्यासाठी दर वेळी पेशी मोजाव्या लागतात, टाकताना आणि काढताना दोन्ही वेळा. पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच काम आहे.

पण हा हिशेब मांडूनही सगळा फरक भरून निघाला नाही. अठरा डबलिंग हे काही या पेशींचं म्हातारपण नव्हे. माणसाचे फायब्रोब्लास्ट साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होऊन थांबतात. दाता वयस्कर असेल किंवा व्हायल आधीच बरीच वाढवून गोठवली असेल तर लवकर थांबतात, तरी आमच्या थंडीतल्या पेशी पंधरा-सोळा डबलिंगलाही विनातक्रार चालत होत्या आणि उन्हाळ्यातल्या जवळपास तेवढ्यातच अडत होत्या. म्हणजे काहीतरी पेशींना वेळेआधी थकवत होतं.

हे म्हातारपणच आहे ना, याची खात्री

मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींना लागणारा एक अतिसूक्ष्म जिवाणू, आधी तपासा. त्याने फ्लास्क गढूळ होत नाही, पेशी फक्त मंदावतात, म्हणजे लक्षण हेच. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. शक्य असेल तर दोन आठवडे अँटिबायोटिकशिवाय वाढवा आणि मग पीसीआर करा. नाहीतर होक्स्ट हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग देऊन बघा. केंद्रकाबाहेर बारीक ठिपके चमकले की फ्लास्क टाकून द्यायचा, वाचवत बसायचं नाही. आमचे निघाले स्वच्छ.

मग बीटा-गॅलचा निळा रंग, म्हणजे म्हाताऱ्या पेशींत वाढणाऱ्या एका विकराची चाचणी. ही चाचणी १९९५ पासून सगळे वापरतात आणि चुकाही सगळ्यांकडून त्याच होतात. द्रावणाचा पीएच बरोबर ६.० हवा. पेशींच्या लायसोसोममध्ये हे विकर एरवीही असतं आणि पीएच ४ च्या आसपास ते तरुण पेशींतही निळं दिसतं, म्हणून पीएच जरा खाली घसरला की सगळी प्लेट म्हातारी! आणि ती प्लेट आपण सवयीने कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. तिथे पीएच घसरतोच. साध्या ३७ अंशांच्या ओव्हनमध्ये, कडा नीट बंद करून ठेवा. शिवाय खचाखच भरलेल्या किंवा सीरमविना (मीडियात घालतात तो रक्तातला द्रव) उपाशी ठेवलेल्या पेशीही निळ्या होतात. शेजारी एक तरुण आणि एक खात्रीने म्हातारी प्लेट ठेवल्याशिवाय निळ्या रंगावर विश्वास ठेवू नका. आम्ही पुढे केआय-६७ (विभाजन चालू असल्याची खूण) आणि पी२१ (विभाजन रोखणारं प्रथिन) सुद्धा बघितले. विभाजन खरंच थांबलं होतं.

आमचा खरा दोषी

इथे थोडं मागे जाते, कारण ज्या युक्तीने आम्हाला रस्ता दाखवला ती आमची नव्हे.

अलेक्सिस कॅरेल या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी वाढवायला सुरुवात केली. त्या कधीच थांबत नाहीत असं सांगितलं गेलं आणि पेशी अमर असतात, थांबल्या तर चूक तुमच्या हाताची, असा समज पुढे कित्येक दशकं टिकला. फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञाच्या पेशी थांबायला लागल्या तेव्हा प्रश्न तोच होता: दोष मीडियाचा, संसर्गाचा की पेशींचाच? त्याने आणि पॉल मूरहेडने ४० वेळा दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि १० वेळा दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी एकाच फ्लास्कमध्ये मिसळल्या. मीडिया तोच, हवा तीच, काच तीच. काही काळाने बघितलं तर फ्लास्कमध्ये फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. वेगळ्या ठेवलेल्या पुरुषाच्या पेशी त्याच सुमारास थांबल्या होत्या. दोष मीडियाचा असता तर दोघी थांबल्या असत्या. १९६१ चं हे काम आजही वाचताना मला भरून येतं, इतकं ते साधं आहे.

आम्हाला याच्या उलट करायचं होतं: पेशी एकच, परिस्थिती दोन. एक व्हायल उघडायची, त्यातून फ्लास्क लावायचे आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. पण काय बदलायचं?

उत्तर एका मे महिन्याच्या संध्याकाळी मिळालं. बाहेर अजून झळा लागत होत्या. वीज गेली. कॉरिडॉर पूर्ण काळोखात, मागे जनरेटर धडधडायला लागला आणि त्यावर जोडलेली उपकरणं तेवढी जागी झाली. मी पाण्याची बाटली शोधत टेबलावर चाचपडत होते. काळोखात एकच गोष्ट झळाळत होती: काचेच्या दाराचा फ्रिज. दुकानात थंड पेयांसाठी असतो तसा, आत दोन उभ्या पांढऱ्या ट्यूब. पहिल्या रांगेत मीडियाच्या पारदर्शक बाटल्या, ट्यूबपासून वीतभर अंतरावर, आतला गुलाबी रंग कंदिलासारखा भिंतीवर पडलेला.

तो दिवा रात्रंदिवस चालू असतो. मी लॅबमधल्या काकांना विचारलं, कारण लॅबमध्ये कुठली वस्तू कधी हलली ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. ते म्हणाले, "ताई, एप्रिलमध्ये मुलं आली की त्यांचे सॅम्पल आतल्या बंद फ्रिजमध्ये, आणि मीडिया इकडे. दरवर्षीच." दिवाळीनंतर मीडिया परत आतल्या फ्रिजमध्ये जातो.

आता यात घडतं काय? डीएमईएममध्ये, म्हणजे आम्ही वापरतो त्या मीडियात, रायबोफ्लेविन असतं, लिटरला ०.४ मिलिग्रॅम. हे जीवनसत्त्व निळा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला आणि ट्रिप्टोफॅन, टायरोसिनसारख्या अमिनो आम्लांना देतं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मीडियात हेपेस बफर (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) असेल तर आणखी जास्त. बाटली बाहेरून तशीच गुलाबी दिसते, वासही येत नाही. आणि पेरॉक्साइडचा थोडा मारा बसला की पेशी मरत नाही, ती कायमची थांबते, पसरते, निळी होते. चेन आणि एम्स यांनी १९९४ मध्ये माणसाच्या फायब्रोब्लास्टवर हेच दाखवलं होतं: जीव न घेणारा पेरॉक्साइडचा डोस आणि त्यानंतर म्हातारपणासारखी थांबलेली पेशी. आमच्या फ्लास्कचं वर्णन जणू तिथून उचललेलं होतं.

मग एकाच व्हायलचे फ्लास्क लावले. निम्म्यांना काचेच्या दारातली बाटली, निम्म्यांना त्याच लॉटची, पण पहिल्या दिवसापासून ॲल्युमिनियम फॉईलमध्ये गुंडाळून आतल्या फ्रिजमध्ये ठेवलेली. बाटल्यांवर फक्त अ आणि ब. मोजणाऱ्या मुलीला कुठली कोणती ते सांगितलं नाही. सहाव्या पॅसेजपर्यंत काही फरक नाही, माझा धीर सुटत चालला होता. सातव्यानंतर अ चे फ्लास्क रेंगाळायला लागले. नवव्याला अ मध्ये त्या ओळखीच्या पसरट पेशी, आणि ब मध्ये तीच वळणं, तीच दाटी. फॉईल काढली तेव्हा ब ची बाटली आणि अ ची बाटली शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता.

तुमच्याकडे काचेचा फ्रिज नसेल तरी हूडमधला (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटातला) दिवा असतोच. सकाळी बाटली आत ठेवली की दुपारपर्यंत तिथेच. तीही वेळ धरा. छोट्या बाटल्यांत वाटून घ्या, झाकून ठेवा, उरलेलं परत मोठ्या बाटलीत ओतू नका.

आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या डीएमईएममध्ये सोडियम पायरुव्हेट आहे का? पायरुव्हेट पेरॉक्साइडला थेट निकामी करतं. लिटरला ११० मिलिग्रॅम असलेला आणि अजिबात नसलेला, असे दोन्ही प्रकार एकाच नावाने मिळतात आणि ऑर्डर देणारा स्वस्त असेल तो मागवतो.

ट्रिप्सिन, पाणी, हवा

दिवा हा मुख्य दोषी, पण एकटा नव्हे. झाकलेल्या बाटल्यांनंतरही काही मुलांचे फ्लास्क इतरांपेक्षा लवकर थांबायचे. त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलं. पेशी उचलण्यासाठीचं विकर, ट्रिप्सिन, ०.२५ टक्के, इन्क्युबेटरमध्ये ठेवून मुलगा गप्पांत गुंतलेला, आठ-दहा मिनिटं. ट्रिप्सिन पेशीला खालच्या पृष्ठभागाशी धरून ठेवणारी प्रथिनं तोडतं, पण तिथे थांबत नाही. आम्ही ०.०५ टक्क्यावर आलो. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरने दोनदा धुवायचं, कारण सीरमचा थेंब उरला तरी तो ट्रिप्सिनला अडवतो आणि मग आपण वेळ वाढवत जातो. दोन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, पेशी गोल झाल्या की तळहातावर फ्लास्क हलकेच आपटायचा, सीरमचा मीडिया घालायचा. डोळे फ्लास्कवरून हलवायचे नाहीत.

शनिवारी भरत आलेला फ्लास्क सोमवारपर्यंत तसाच ठेवणं हाही याचाच भाग. खचाखच भरलेल्या पेशी चादरीसारख्या एकत्र सुटतात, सुट्या होत नाहीत, आणि मग ट्रिप्सिन वाढवलं जातं. ७०-८० टक्के भरला की उचला. फार विरळही पेरू नका. आम्ही चौरस सेंटिमीटरला ३ ते ५ हजार पेशी टाकतो.

इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे उन्हाळ्यात रोज बघावा लागतो. एसी अखंड चालू, खोली कोरडी, दार दिवसात पन्नास वेळा उघडलं जातं. ट्रे आटला की मीडिया आटतो आणि क्षारांचं प्रमाण वाढतं. कडेच्या फ्लास्कमध्ये आधी दिसेल. निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी भरा, नळाचं नको.

ऑक्सिजनबद्दल थोडं. इन्क्युबेटरमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि वाफेची जागा वजा केली तरी १८-१९ टक्के ऑक्सिजन उरतो. त्वचेच्या आत पेशीला कधीच इतका मिळत नाही. पॅकर आणि फ्यूर यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की ऑक्सिजन कमी केला की माणसाच्या पेशी जास्त वेळा दुप्पट होतात. उंदराच्या पेशींवर तर त्याचा परिणाम फारच मोठा आहे, २००३ मध्ये हे नीट स्पष्ट झालं. नायट्रोजन जोडता येणारा इन्क्युबेटर असेल तर जरूर वापरा. आमच्याकडे एक आहे, सगळ्यांना पुरत नाही, म्हणून ज्या पेशींचं वय मोजायचं आहे त्याच तिथे जातात. पण दार उघडलं की हवा आत, हे लक्षात ठेवा. दिवसभर दार उघडत राहिलात तर आकडा पडद्यावर ३ टक्के असतो आणि पेशींना मिळत असतं भलतंच.

एक अट मात्र पाळा: मंद झालेले जुने फ्लास्क आणि तरुण फ्लास्क यांचा मीडिया कधीही अदलाबदल करू नका, "कंडिशन्ड मीडिया" (आधी ज्यात पेशी वाढल्या तो) म्हणून कौतुकाने तर नकोच. थांबलेल्या पेशी आयएल-६ सारखे दाहाचे संदेश बाहेर टाकत राहतात आणि त्याने शेजारच्या पेशीही थांबू शकतात. एका नासक्या आंब्याने आढी नासते, ते इथेही खरं आहे.

"काहीतरी टाकू का?"

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. रेस्व्हेराट्रॉल, ग्रीन टीचा अर्क, जीवनसत्त्व सी. मला यात सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण म्हातारपण लांबवण्याचं संशोधन करायलाच ही मुलं येतात आणि त्यांचा पहिला निष्कर्ष चुकीचा निघाला तर पुढची दोन वर्षं त्यावर उभी राहतात.

समजा मीडियात दिव्यामुळे आधीच पेरॉक्साइड आहे. तुम्ही त्यात पेरॉक्साइड टिपणारं काही टाकलंत. पेशी जास्त चालल्या. तुम्ही लिहिलंत की या पदार्थाने पेशींचं वय लांबवलं. प्रत्यक्षात त्याने तुमच्या फ्रिजच्या दिव्याने केलेलं नुकसान पुसलं. माणसाच्या त्वचेत तो दिवा नाही.

उलटही होतं. ॲस्कॉर्बिक आम्ल मीडियात पडलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातूनच पेरॉक्साइड तयार होतं. ग्रीन टीमधल्या पॉलिफिनॉलचं तेच. बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने २००० च्या सुमारास हे पेशींशिवायच्या कोऱ्या मीडियात मोजून दाखवलं. म्हणून सी द्यायचं असेल तर ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेट वापरा, ते स्थिर असतं आणि पेशी आत घेऊन वापरतात. आणि कुठलाही पदार्थ तपासताना पेशी नसलेल्या मीडियात तो टाकून पेरॉक्साइड मोजा, ही एक नळी जास्त लावा.

रॅपामायसिन हे औषध वेगळ्या रस्त्याने जातं, पेशीची वाढीची यंत्रणाच मंद करतं. पण ते विभाजनाचा वेगही कमी करतं. महिन्याभराने मोजून "कमी म्हाताऱ्या" म्हणू नका, त्या कदाचित कमी वेळा दुप्पट झाल्या असतील. दोन्ही गट समान डबलिंगला आणा आणि मग तुलना करा, नाहीतर शेवटपर्यंत चालवून एकूण डबलिंग मोजा. टेलोमरेजचं जनुक घातलेल्या पेशी १९९८ मध्ये नेहमीच्या मर्यादेपेक्षा किमान २० डबलिंग पुढे गेल्या होत्या. त्याने टेलोमियरचं, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांचं, दर विभाजनाला होणारं कुरतडणं थांबतं. आमच्या तक्रारीवर मात्र तो इलाज नाही, कारण आमच्या पेशी टेलोमियर संपून थांबत नव्हत्या.

आता उरलंय ते

मीडिया वर्षभर आतल्या फ्रिजमध्ये, फॉईलमध्ये. उन्हाळ्यातल्या मुलांचे सॅम्पल काचेच्या दारात, आणि दाराच्या आतल्या बाजूला काकांनी काळा पुठ्ठा चिकटवलाय. यंदाच्या एप्रिलमधली व्हायल अकरा पॅसेज पार करून पुढे चालली आहे. फ्लास्कवर डबलिंगचा आकडा आहे आणि वहीत टाकलेल्या-काढलेल्या पेशींचे दोन रकाने.

गेल्या दोन उन्हाळ्यांत गोठवलेल्या व्हायल द्रव नायट्रोजनच्या टाकीत अजून आहेत. त्यांच्या झाकणावर लाल टेप लावली आहे. त्यांची खरी डबलिंग कोणालाच ठाऊक नाही आणि त्यांनी किती पेरॉक्साइड सोसलंय तेही नाही. त्या ट्रिप्सिनचा हात बसवायला वापरतो. वयाच्या कुठल्याही प्रयोगात नाही.